सँपल आणलंय?

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे, यावर मला फुकट मिळालेले सल्ले एका टॅगमध्ये ओवले असते तर चांगली जाडजूड सरकारी फाइल झाली असती. कोणी म्हणाले बागकाम करा, कोणी म्हणाले ज्ञानेश्वरी लावून वाचा. मुलीच्या सासऱ्यांनी तर हास्यक्लबाचा छापील अर्जच आणून हातात ठेवला आणि मी तो भरेपर्यंत स्वतःच हसत उभे राहिले. परंतु ‘टी-शर्ट छापायच्या ऑटोमॅटिक मशीनचे सुटे भाग शोधत गल्लोगल्ली हिंडा’, असे मात्र एकाही हितचिंतकाने सुचवले नव्हते. गेली सहा वर्षे मी नेमके तेच करतो आहे.

याला सर्वस्वी आमचे चिरंजीव जबाबदार. इंजिनिअर झाले, नोकरीला लागले आणि एके दिवशी जेवताना वरणाच्या वाटीत बघत म्हणाले, “बाबा, मी एक बघितलीय.”

आमची ही स्वयंपाकघरातून ओला हात पदराला पुसत बाहेर आली. “अगंबाई! कुठली रे?”

“तिरुपूरला असते. मूळची अमेरिकेची.”

“असू दे बाई. हल्ली कोण बघतंय ते! दिसायला कशी आहे?”

“आठ रंगांची. दहा हात आहेत.”

हिने माझ्याकडे पाहिले. मी वर, भिंतीवरच्या महिषासुरमर्दिनीच्या कॅलेंडरकडे पाहिले.

“सेकंडहँड आहे,” चिरंजीव म्हणाले, “पण कंडिशन चांगली आहे.” तेव्हा मात्र हिने मटकन पाटावरच बसकण मारली.

ती मशीन तिरुपूरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून दोन ट्रकांत आली आणि धायरीच्या भाड्याच्या शेडमध्ये उतरली. भांडवलात माझी ग्रॅच्युइटी होती. त्यामुळे त्या मशीनची तब्येत हा माझ्या दृष्टीने पहिल्या दिवसापासून कौटुंबिक प्रश्न होता.

आपल्या पिढीला स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे लग्नपत्रिका. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर शाई, आणि लादी पुसायच्या रबरासारख्या स्क्वीजीने ती शाई ओढणारा कोणीतरी बनियनमधला माणूस. ही मशीनही मुळात तेच करते, फक्त तिथे बनियन माणसाच्या अंगात नसून मशीनच्या हातात असतो. जत्रेतला चक्री पाळणा डोळ्यांपुढे आणा. त्याला दहा सपाट फळ्या आहेत, एकीवर टी-शर्ट चढवायचा, शेवटचीवरून उतरवायचा, आणि मधल्या आठ ठिकाणी आठ रंग एकापाठोपाठ त्याच्या छातीवर बसतात. हे फिरते प्रकरण मायकेल व्हॅसिलँटोन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1960 साली काढले, तेही बोलिंग खेळणाऱ्यांच्या शर्टांवर नावे छापण्यासाठी. त्याला 1969 साली पेटंट मिळाले. त्या गृहस्थाला, आपल्या या पाळण्यावर एक दिवस ‘गणपती बाप्पा मोरया’ फिरेल, असे स्वप्नातही वाटले नसेल.

पहिले तीन महिने मशीन गुणी सुनेसारखी वागली. मग तिने अंग दाखवले. फिरताना कुठूनतरी ‘कर्र’ असा आवाज येऊ लागला. चिरंजीवांनी मशीनचे जाड पुस्तक उघडले, भागाचा अकरा आकडी नंबर काढला आणि मशीनवाल्यांच्या इथल्या एजंटला फोन लावला. एजंट फार सभ्य माणूस. तो म्हणाला, “सर, तुमचं मॉडेल ऑब्सोलीट झालंय.” अठ्ठावन्नाव्या वर्षी शासनाने मलाही हाच शेरा मारून घरी पाठवले होते, पण मला निदान नारळ तरी मिळाला. “तरी बघतो मागवून,” असे म्हणून त्याने जी किंमत सांगितली ती ऐकून मी चिरंजीवांना विचारले, “यात मशीनपण आहे ना?”

याच सुमारास आमच्या आयुष्यात मिस्त्री आले. हे मूळचे इचलकरंजीचे. तीस वर्षे मागांच्या खडखडाटात काढून मुलाकडे पुण्याला आलेले, आणि इथल्या शांततेने हैराण झालेले. शेडच्या दारात उभे राहून त्यांनी मशीनचा आवाज डोळे मिटून ऐकला, आमच्याकडे गाणे ऐकायला बसतात तसा. मग चार बोल्ट काढले, आतून एक काळेकुट्ट कडे बाहेर ओढले, रॉकेलच्या फडक्याने पुसले आणि माझ्या हातात दिले.

“वाचा की साहेब. काय लिवलंय?”

चष्मा सारखा करून वाचले. कड्यावर बारीक अक्षरात कोरले होते : 6204 2RS.

“ते पुस्तकातलं नाव ह्येचं सासरचं,” मिस्त्री म्हणाले. “ह्ये म्हायेरचं.”

त्या दिवशी मला बेअरिंगची बाराखडी कळली. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणायचे की आतल्या भोकाचे माप मिळते. 04 म्हणजे 20 मिलिमीटर, 05 म्हणजे 25. (03 मात्र 15 नसून 17. सरकारी नियमाप्रमाणे यालाही अपवाद आहेत.) 2RS म्हणजे दोन्ही अंगांना रबरी झाकण. ZZ म्हणजे पत्र्याचे. आमच्याकडे टी-शर्टांचा कापूस उडतो, म्हणून रबरीच बरे. हा नंबर जगभर एकच. न्यूयॉर्कमध्ये 6204 मागा, नाहीतर नांदेडमध्ये मागा, तेच कडे हातात पडेल. ज्या वस्तूसाठी एजंट सातासमुद्रापार पत्रे पाठवणार होता, ती मी रिक्षाने जाऊन पाऊण तासात घेऊन आलो. रिक्षाला जास्त पैसे पडले.

पुढे कधीतरी मी कस्टमचे पुस्तक चाळले. चौतीस वर्षे नोंदणी शाखेत काढलेल्या माणसाला असल्या वाचनाचीच गोडी लागते. त्यात छपाईयंत्रे आणि त्यांचे भाग 8443 या शीर्षाखाली आहेत; पण बेअरिंगला 8482 आणि झडपांना 8481 अशी स्वतंत्र घरे दिली आहेत. बेअरिंग कोणत्याही यंत्रात जायचे असो, ते आपल्याच घरात राहते. मिस्त्रींचे आणि कस्टम खात्याचे एका मुद्द्यावर तरी एकमत आहे, हे पाहून मला समाधान वाटले.

पण सगळेच भाग इतके सरळ नसतात. आमची मशीन अमेरिकन, म्हणजे इंचात वाढलेली. हवेच्या नळीचा एक पाव इंची जोड फुटला तेव्हा मी मोठ्या ऐटीत पाव इंची जोड घेऊन आलो. तो दोन आटे छान गेला, तिसऱ्या आट्याला अडला. चिरंजीवांनी पाना लावून जोर केला. जोड बसला. हवा सोडली. ‘फुस्स’ असा आवाज झाला आणि माझी टोपी उडाली. चौकशीअंती कळले की पाव इंची पाइपाला अमेरिकन माणूस एका इंचात 18 आटे पाडतो आणि इंग्रज 19. आपल्या बाजारात इंग्रजाचा वारसा. अमेरिकनांच्या आट्याचा कोन 60 अंशांचा, इंग्रजांचा 55 अंशांचा. त्यातून अर्ध्या इंचाला दोघांचेही आटे 14, म्हणजे जोड अगदी गळ्यात गळा घालून बसतो आणि मग हळूच गळतो. अमेरिकेने चहाची खोकी समुद्रात टाकून भांडण केले ते इतिहासात शिकवतात. हे आट्यांचे भांडण कोणी शिकवीत नाही.

असाच एकदा बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या गर्दीतून, चोवीस व्होल्टची कॉइल आणली. चोवीस बरोबर होते. एसी की डीसी, एवढेच विचारायचे राहिले होते.

तिसऱ्या पावसाळ्यात तीन नंबरच्या डोक्यावरची स्क्वीजी अर्ध्या वाटेत थांबायला लागली. थांबली की तिथे रंगाचा चिखल. झडप अडकते आहे असे निदान झाले आणि ही झडप मात्र खरोखर इथे मिळेना. परदेशातून मागवली. विमानभाडे, कस्टम, आणि कस्टममधून ती सुटेपर्यंतचे चिरंजीवांचे तोंड, असा तिहेरी खर्च झाला. नवी झडप बसली. मशीन सुरेख चालली. पंधरा दिवसांनी नवी झडपसुद्धा अडकली.

मिस्त्री तेव्हा गावाला गेले होते. परत आले, त्यांनी झडपेकडे ढुंकूनही पाहिले नाही. सरळ बाहेर कंप्रेसरपाशी गेले, टाकीच्या बुडाचा कॉक उघडला आणि बाजूला झाले. आतून तांबूस पाणी जे सुरू झाले ते थांबेचना. शेजारच्या शेडमधला माणूस, नळाला पाणी आले समजून, बादली घेऊन आला.

“झडप बदलून काय हुतंय?” मिस्त्री म्हणाले. “पानी काढा की.”

हवा दाबली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसतो. आमच्या पावसाळी हवेत तर विचारू नका. रोज ते पाणी काढले नाही तर ते नळ्यांतून पुढे जाते, वंगणात कालवून त्याचे ताक करते, आणि ते ताक पिऊन झडपा झोपतात. म्हणजे आम्ही गेले वर्षभर महागड्या झडपांना पाणी पाजत होतो. कॉक उघडायला अर्धा मिनिट लागतो. त्याला सुटा भाग लागत नाही, कस्टम लागत नाही; रोज आठवण असणारा एक रिकामटेकडा माणूस तेवढा लागतो. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. अशा रीतीने माझी नेमणूक झाली.

मी ताबडतोब रजिस्टर घातले. लाल पुठ्ठ्याचे, आडव्या-उभ्या रेघांचे. कंप्रेसरचे पाणी काढले, वेळ, सही. ग्रीस दिले, कुठे, किती. पीएलसीची बॅटरी बदलली, तारीख (ती संपली तर मशीन शिकवलेले सगळे विसरते, सेवानिवृत्तांचे आणखी एक लक्षण). काढलेला प्रत्येक भाग मी धुऊन, चिठ्ठी बांधून, घरी आणू लागलो. बोर्नव्हिटाच्या डब्यात ओ-रिंगा, साबुदाण्याच्या बरणीत स्प्रिंगा. एका संकष्टीला हिने ती बरणी न बघताच भिजत घालायच्या पातेल्यात उलटी केली. त्यानंतर मला गॅलरीतले कपाट स्वतंत्र मिळाले.

एक सांगितले पाहिजे. त्याआधीची दहाएक वर्षे आम्हां बापलेकांचे संभाषण “जेवलास का?” आणि “हो” या दोन वाक्यांवर निभत होते. आता रात्री अकराला त्याचा फोन येई, “बाबा, तो मधला बुश किती मिलिमीटरचा होता हो?” आणि मी रजिस्टर न उघडता सांगे. मग तो उगाच आणखी दोन मिनिटे बोले. पावसाबद्दल वगैरे.

पण धंदा काही रजिस्टरने चालत नाही. मागच्या वर्षी आठवडाच्या आठवडा मशीन बंद राहिली. एक भंगारवाला येऊन, टेप न लावता, नुसत्या नजरेने तिचे वजन करून गेला. जुन्या कंपनीतला साहेब चिरंजीवांना परत बोलावत होता. हे मला त्याने सांगितले नाही. आईला सांगितले, म्हणजे मला कळलेच.

आणि गणपती आठ दिवसांवर असताना एका मंडळाची आठशे टी-शर्टांची ऑर्डर आली. पाच रंग. पहिलाच नमुना छापला तर बाप्पांचा मुकुट डाव्या कानावर. दुसऱ्यात उजव्या. फळी प्रत्येक ठिकाणी नेमकी थांबावी म्हणून एक रोलर खाचेत शिरून तिला धरून ठेवतो. यंत्रवाले त्याला कॅम फॉलोअर म्हणतात. तो झिजला होता. सव्वा इंची. पुण्यात मिळेना. मंडळाचे अध्यक्ष येऊन मुकुट बघून गेले आणि जाताना अतिशय शांतपणे “शनिवारी येतो” म्हणाले. ती शांतता मला आवडली नाही.

मी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली. मुंबईतली नागदेवी स्ट्रीट ज्याने पाहिली नसेल त्याला मी काय सांगावे! बेअरिंगे, पट्टे, साखळ्या, नट, बोल्ट, पुल्या यांनी ठासलेली ती गल्ली म्हणजे जगातल्या यावत् यंत्रांचे आजोळ. तिथे दुकान अडीच हात रुंदीचे आणि ज्ञान अमर्याद. मी पूर्वी एकदा गेलो होतो तेव्हा एका शेठजींना हाताने अभिनय करून भाग समजावला होता. त्यांनी शांतपणे पाहून घेतले आणि म्हणाले, “काका, ऐसा तो मुंबई में सब कुछ है. सँपल लाये हो?” तेव्हापासून हा मंत्र मी पाठ केला आहे. या वेळी वर्तमानपत्रात गुंडाळून, रुमालात बांधून, शर्टाच्या आतल्या खिशात झिजलेला रोलर घेऊन गेलो होतो. चार दुकाने ‘नहीं’ म्हणाली. पाचव्याने रोलर नुसता तळहातावर तोलला.

“इंच का है. खतम. मेट्रिक दूँ? बत्तीस का. चलेगा?”

मी म्हणालो, “चालेल.”

आपल्या भाषेतला सर्वांत महाग शब्द हाच असावा. चिरंजीवांना विचारायला फोन खिशात होता. पण गल्लीत मागून हातगाडी ढकलत होती, शेठला दुसरे गिऱ्हाईक होते, आणि पाच दहाच्या गाडीने परत यायचे होते. सव्वा इंच म्हणजे 31.75 मिलिमीटर. पाव मिलिमीटरचे काय एवढे, असे मी स्वतःला कर्जतपर्यंत समजावले. लोणावळ्याला ते पटेनासे झाले.

शेडवर पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. रोलरच्या पाव मिलिमीटरचे राहू द्या, त्याचा दांडाच 12 मिलिमीटरचा निघाला आणि आमच्या ब्रॅकेटचे भोक अर्ध्या इंचाचे, म्हणजे 12.7. रोलर त्यात पोपटाच्या मानेसारखा हलत होता. चिरंजीव काही बोलले नाहीत. स्टुलावर बसले आणि त्यांनी मशीनचा मेन स्विच बंद केला. तसा तो रोजच बंद करतात, पण त्या वेळचा त्याचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

मिस्त्रींनी ब्रॅकेटच काढून हातात घेतले. “लेथवाला गेला का बघा,” म्हणाले. मागच्या गल्लीतला लेथवाला शटर अर्धे ओढून डबा भरत होता. मी धावत जाऊन (साठीनंतरची माझी ही एकमेव धाव) त्याचे शटर धरले. त्याने ब्रॅकेटचे भोक मोठे केले, त्यात बुश ठोकून बसवला आणि बुशाला नेमके बारा मिलिमीटरचे भोक पाडले. पैसे विचारले तर म्हणाला, “आमच्या मंडळाचे शर्ट छापाल तेव्हा बघू.” साडेअकराला रोलर जागेवर बसला. आणि तो पाव मिलिमीटर? खाच इतक्या वर्षांत झिजून रुंद झाली होती. नवा सव्वा इंची रोलर तिच्यात खुळखुळला असता. हा जाडा रोलर तिच्यात असा बसला की मिस्त्रींनी माझ्याकडे वळून विचारले, “साहेब, मुद्दाम आणला व्हय?”

मी नुसता हसलो. नोंदणी शाखेत एवढे तर शिकलोच होतो.

पहाटे चार वाजता शेवटच्या गठ्ठ्यापैकी एक शर्ट मी उजेडात धरला. मुकुट डोक्यावर होता. चिरंजीवांनी टपरीवरून चहा आणला. बराच वेळ कोणी बोलले नाही.

“भंगारवाल्याचा फोन आला होता संध्याकाळी,” तो म्हणाला.

“मग?”

“उचलला नाही.” आणि थोड्या वेळाने, “बाबा, रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. बत्तीसचा रोलर, बाराचा बुश.”

मी तारीखवार लिहिले आणि सही केली.

घरी पोहोचलो तेव्हा उजाडले होते. मी हिला सगळी हकिकत सविस्तर सांगितली. 31.75, 12.7, झिजलेली खाच, सगळे. ही शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, “एवढे हुशार झालाच आहात तर बोहरी आळीत जाऊन कुकरची रिंग घेऊन या. तीन दिवस वाफ जातेय.”

दुपारी गेलो. दुकानदार म्हणाला, “कितीचा कुकर?” जो माणूस बेअरिंगचे भोक तोंडी सांगतो त्याला हे काय अवघड? मी म्हणालो, “पाचाचा.”

संध्याकाळी ती रिंग झाकणाभोवती फिरून चांगली दोन बोटे बाहेर लोंबत राहिली. कुकर तीन लिटरचा होता. चाळीस वर्षांत मी त्याच्याकडे कधी त्या नजरेने पाहिलेच नव्हते.

“सँपल नेलं होतंत?” ही म्हणाली.